फ्रेडी कुठे गेला? : इंगल्स कुटुंबाची वंशावळ वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या डेटात एक माणूस कमी निघाला.

माझं काम आनुवंशिक बहिरेपणावर आहे. त्याचा पहिला टप्पा म्हणजे घरोघरी जाऊन वंशावळी लिहून घेणं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ऐकू येत नसेल तर आतून काळं, माणूस गेलेलं असेल तर वरून तिरकी रेघ. एका घरी मी दोनदा जाऊन आले होते. चार भावंडांचा तक्ता तयार होता, त्यावर गणितंही मांडून झाली होती. तिसऱ्या खेपेला चहाचा कप पुढे करताना आजी सहज म्हणाल्या, "हिच्या पाठीवर एक मुलगा होता गं. आठ महिन्यांचा होऊन गेला."

मी वहीकडे बघत राहिले. दोन्ही वेळेला मी विचारलं होतं, "तुम्हाला मुलं किती?" त्यांनी सांगितलं होतं, चार. उत्तर अगदी बरोबर होतं. मुलं किती झाली हे मी विचारलंच नव्हतं. त्यानंतर आधीच्या सगळ्या घरी मला पुन्हा जावं लागलं आणि अशी आणखी काही नावं सापडली. काहींना तर नावच नव्हतं.

त्याच सुमारास मी रात्री झोपण्याआधी एक जाडजूड पुस्तक वाचत होते : 'पायोनियर गर्ल', लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं सटीप आत्मचरित्र. अमेरिकेच्या प्रेअरीवर वसाहत करायला गेलेल्या एका कुटुंबाची ही हकीकत. त्यात मला एक नऊ महिन्यांचा मुलगा भेटला, जो याच लेखिकेच्या जगप्रसिद्ध कादंबऱ्यांमध्ये कुठेही नाही. तेव्हापासून मी हे पुस्तक वेगळ्या नजरेने वाचायला लागले. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी ते का महत्त्वाचं आहे, आणि ते कुठे कमी पडतं, हे आज लिहिते आहे.

आधी कुटुंबाची ओळख

चार्ल्स इंगल्सचा जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. कॅरोलाइन क्वाइनर १८३९ ची, विस्कॉन्सिनची. १८६० मध्ये दोघांचं लग्न झालं. चार्ल्सचा भाऊ पीटर याने कॅरोलाइनची बहीण एलायझा केली, आणि चार्ल्सची बहीण पॉली कॅरोलाइनच्या भावाला, हेन्रीला दिली. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. वस्ती विरळ, शेजार मोजका, त्यामुळे सोयरीकही त्याच दोन-तीन घरांत. माझ्यासारखीला हे वाचून लगेच आकडे आठवतात : साध्या चुलत-मावस भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, अशा दुहेरी भावंडांत एक चतुर्थांश.

चार्ल्स-कॅरोलाइनची मुलं अशी : मेरी (१८६५), लॉरा (१८६७), कॅरी (१८७०), फ्रेडी म्हणजे चार्ल्स फ्रेडरिक (१८७५) आणि ग्रेस (१८७७). पाच मुलं, आणि जन्माची ठिकाणं तीन वेगळ्या राज्यांत नाही, चार राज्यांत : विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा. शेवटी मुक्काम डकोटात. नुसती ही यादी वाचली तरी कुटुंबाची बैलगाडी-घोडागाडी डोळ्यांसमोर फिरायला लागते. वंशावळीत जन्मस्थळाचा रकाना किती बोलतो, हे इथे बघून घ्या.

हे सगळं फिरणं होतं जमिनीसाठी. अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाने किरकोळ शुल्क भरायचं, १६० एकरांवर दावा नोंदवायचा, तिथे पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग ती त्याची. पुढच्या शंभराहून अधिक वर्षांत या कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली.

वाइल्डर यांनी बालपणाची ही कथा साठी ओलांडल्यावर लिहिली. १९३० च्या सुमारास आधी मोठ्यांसाठी सरळ आत्मकथन लिहिलं, तेच 'पायोनियर गर्ल'. ते कुणी छापलं नाही. मग त्याच मालातून मुलांसाठी कादंबऱ्यांची मालिका तयार झाली. 'लिटल हाऊस इन द बिग वूड्स' १९३२ मध्ये आलं, 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' १९३५ मध्ये. लेखनात त्यांची मुलगी रोझ वाइल्डर लेन हिचा हात बराच मोठा होता; ती स्वतः नावाजलेली लेखिका होती. मूळ आत्मकथन पॅमेला स्मिथ हिल यांच्या संपादनाखाली २०१४ मध्ये, म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षांनी, साउथ डकोटाच्या इतिहास मंडळाच्या प्रकाशनाने छापलं.

म्हणजे आपल्या हातात एकाच कुटुंबाच्या दोन वंशावळी आहेत, आणि दोन्ही एकाच बाईने सांगितलेल्या. संशोधकाला याहून चांगला प्रयोग कुणी रचून दिला नसता.

नऊ महिन्यांचा मुलगा आणि दहा वर्षांचं जाळं

फ्रेडीचा जन्म १ नोव्हेंबर १८७५ चा, वॉलनट ग्रोव्हचा. मृत्यू २७ ऑगस्ट १८७६ चा, प्रवासात असताना, मिनेसोटातच साउथ ट्रॉयला. मिनेसोटात टोळधाडीने पिकं खाल्ली होती, शेत विकून कुटुंब आयोवातल्या बर ओक या गावी हॉटेल चालवायला मदत करण्यासाठी निघालं होतं. 'पायोनियर गर्ल'मध्ये हे आहे. बर ओकची भाड्याची घरं आहेत, आणि शेवटी भाडं थकवून रात्री गाव सोडल्याचंही आहे.

कादंबऱ्यांत यातलं काहीच नाही. फ्रेडी नाही, बर ओक नाही, रात्रीचं पलायन नाही. 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक' मिनेसोटात संपतं, आणि पुढच्या पुस्तकाच्या सुरुवातीला ग्रेस नावाची एक बहीण आयतीच घरात असते. लहानपणी वाचताना तुम्हाला हे खटकलंही नसेल. वंशावळ काढायला बसलात तर मात्र इथे अडखळता : ही मुलगी कुठून आली? कथेत दोन-अडीच वर्षांचं भोक आहे आणि त्यात एक जन्म आणि एक मृत्यू बुडालेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, कादंबरी आहे, सरकारी कागद बघावेत. बघू या. अमेरिकेची केंद्रीय जनगणना दर दहा वर्षांनी. १८७० मध्ये फ्रेडी जन्मलेला नाही, १८८० मध्ये तो हयात नाही. त्या काळात जनगणनेसोबत मृत्यूंचा वेगळा तक्ताही भरत, पण तो फक्त आधीच्या बारा महिन्यांचा. मिनेसोटा राज्याची स्वतःची जनगणना १८७५ मध्ये झाली, ती त्याच्या जन्माआधी. चारही जाळ्यांच्या भोकांतून हा मुलगा निसटतो. कुणी लपवला नाही, कुणी खोटं बोललं नाही. जाळ्याची भोकं दहा वर्षांची होती आणि मुलगा नऊ महिन्यांचा.

तो टिकला कशात? घरच्या बायबलमध्ये, जिथे जन्ममृत्यूच्या तारखा लिहायची पद्धत होती, आणि बहिणीच्या आठवणीत. तीही अशा हस्तलिखितात, जे प्रकाशकांनी नाकारलं.

पुढे १९०० आणि १९१० च्या जनगणनेत बायकांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले : मुलं किती झाली, आणि त्यातली हयात किती. प्रश्न बदलल्याबरोबर हजारो फ्रेडी निदान आकड्याच्या रूपाने कागदावर आले. हे वाचलं तेव्हा मला त्या आजी आणि तो चहाचा कप आठवला. माझ्या फॉर्मवर आता हेच दोन प्रश्न आहेत, त्याच क्रमाने.

आणखी एक गोष्ट. लॉरालाही १८८९ मध्ये मुलगा झाला आणि नाव ठेवण्याआधीच गेला. त्याबद्दलचा मजकूर तिने लिहिला होता, पण हयातीत छापला नाही. तिच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १९७१ मध्ये, 'द फर्स्ट फोर इयर्स' म्हणून तो बाहेर आला. आईच्या बाळाबद्दल आणि स्वतःच्या बाळाबद्दल तिचं मौन सारखंच होतं. मी याचा मानसशास्त्रीय अर्थ लावणार नाही. एवढंच नोंदवते की एकाच माणसाकडून गोळा केलेल्या डेटातल्या रिकाम्या जागा बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या असतात. एक सापडली की तशाच दुसऱ्या शोधा.

मेरीचं वर्तुळ काळं करायचं का?

लॉराची थोरली बहीण मेरी १८७९ मध्ये, चौदाव्या वर्षी आंधळी झाली. कादंबरी कारण देते लाल ताप, म्हणजे स्कार्लेट फीव्हर. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे खरं मानलं, आणि काही डॉक्टरांनाही ते खटकत राहिलं. २०१३ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात काही अमेरिकन डॉक्टरांनी यावर शोधनिबंध छापला. त्यांनी आत्मकथन, वाइल्डर यांची पत्रं, त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि साथींची माहिती शेजारी शेजारी ठेवली. डोकं प्रचंड दुखणं, चेहऱ्याच्या एका बाजूला लुळेपणा, आणि मग हळूहळू जात गेलेली नजर, हे चित्र लाल तापाशी जुळत नाही. विषाणूमुळे मेंदूला आणि त्याच्या आवरणाला आलेली सूज हे कारण जास्त संभवतं, असा त्यांचा निष्कर्ष.

हा निबंध मिळवून जरूर वाचा. तो छोटा आहे, आणि पद्धत म्हणून सुरेख आहे. रुग्ण नाही, रक्त नाही, तपासणी नाही; फक्त कागद. तरी प्रत्येक कागदाचं वजन वेगळं धरलंय. घटना घडत असताना छापलेली गावातली चार ओळींची बातमी, पन्नास-साठ वर्षांनी लिहिलेल्या कादंबरीपेक्षा जड ठरते.

पण माझा मुद्दा थोडा पुढचा आहे. समजा एखाद्या विद्यार्थ्याने फक्त कादंबरीवरून या घराचा जनुकीय तक्ता काढला. मेरीचं वर्तुळ तो काळं करणार. आईवडिलांकडची दोन घराणी तीन लग्नांनी जोडलेली, हे त्याला कळलं तर तो आणखी खूश होणार : बघा, आनुवंशिक! कथा जुळली की डोकं शोध थांबवतं. म्हणून तक्त्यात काळा रंग भरण्याआधी "हे कुणी, कधी, कशावरून सांगितलं" हे पेन्सिलने शेजारी लिहायची सवय लावून घ्या. मी आता प्रत्येक चिन्हाखाली सांगणाऱ्याचं नातं लिहिते. वही घाणेरडी दिसते, पण चालतं.

मेरीच्या बाबतीत कादंबरी आणखी एक गोष्ट झाकते. ती आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत शिकली. कथेत घरच्यांनी, विशेषतः लॉराने शिक्षिकेची नोकरी करून पैसे साठवले, हे ठळक आहे. शिकवणीचा खर्च डकोटा प्रदेशाच्या सरकारने उचलला, हे मात्र नाही. १८७५ मध्ये टोळधाडीनंतर सरकारी मदतीचं पीठ मिळावं म्हणून आपण पूर्ण निर्धन आहोत असं चार्ल्सने लिहून दिलं होतं, हेही नाही. कॅरोलाइन फ्रेझर यांच्या 'प्रेअरी फायर्स' या २०१७ च्या चरित्राने, ज्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, हा धागा फार चांगला सोडवलाय. स्वतःच्या हिमतीवर उभं राहिलेलं कुटुंब, ही प्रतिमा टिकवायला काय काय गाळावं लागलं, ते तिथे दिसतं.

ते घर होमस्टेड नव्हतंच

आता या मालिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध घराकडे येऊ. कॅन्ससच्या गवताळ माळावरचं लाकडी घर, ज्यावरून पुढे १९७४ पासून टीव्ही मालिका निघाली (मालिकेतलं गाव मात्र मिनेसोटाचं). जगात कुणालाही 'होमस्टेडर कुटुंब' म्हटलं की हे घर आठवतं.

इंगल्स कुटुंब १८६९ मध्ये तिथे गेलं तेव्हा ती जमीन ओसेज लोकांची राखीव जमीन होती. १८६५ च्या तहानंतर त्यांच्याकडे उरलेला पट्टा. तिथे होमस्टेडचा दावा करण्याची सोयच नव्हती, आणि चार्ल्सने तसा दावा केलाही नाही. १८७० च्या जनगणनेत मॉन्टगोमेरी परगण्यातल्या रटलंड भागात हे कुटुंब सापडतं. स्थावर मालमत्तेच्या किमतीचा रकाना तिथे रिकामा आहे, कारण जमीन ओसेज लोकांची असून वसाहतवाल्यांचा तिच्यावर हक्क नाही, अशी नोंद जनगणनेच्या कागदावरच आहे. एका सरकारी कारकुनाने भरलेला रिकामा रकाना सबंध कादंबरीपेक्षा स्पष्ट बोलतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात ओसेज लोकांनी उरलेली जमीन विकायला संमती दिली. त्या पैशातून त्यांनी आजच्या ओक्लाहोमात जमीन विकत घेतली आणि ते तिकडे गेले. कादंबरीत ते एका लांबलचक रांगेत घोड्यांवरून निघून जातात आणि लॉरा बघत राहते. दृश्य विलक्षण आहे, मलाही ते विसरता येत नाही. पण ते कुठे गेले, त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायची जागा कथेत नाही. १९३५ च्या पहिल्या आवृत्तीत तर सुरुवातीच्या पानांवर त्या प्रदेशाचं वर्णन असं होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत 'माणसं' हा शब्द बदलून 'वसाहतकरी' केला. एक शब्द दुरुस्त झाला. वाक्यामागची मोजणी, कोणाला माणूस म्हणून मोजायचं ही, ती तशीच राहिली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डर यांच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं, ते याच कारणांनी.

मला इथे दुसरी एक वंशावळ आठवते. १९०६ च्या कायद्याने ओसेज लोकांची नावनिशीवार यादी पक्की झाली : २,२२९ माणसं. जमिनीखालच्या तेलाच्या उत्पन्नातला वाटा या यादीतल्या नावांना, आणि तो वारसाहक्काने पुढे. म्हणजे त्या लोकांसाठी 'कोण कुणाचं मूल' हा प्रश्न आठवणींचा राहिला नाही. तो पैशाचा झाला, आणि १९२० च्या दशकात त्या वाट्यांसाठी माणसं मारली गेली. प्रेअरीची वंशावळ म्हणून जे शिकवलं जातं त्यात एका बाजूला घराच्या बायबलचं पान असतं. दुसऱ्या बाजूची ही यादी शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

कॅन्ससबद्दल अजून एक तपशील, खास मोजमाप करणाऱ्यांसाठी. कादंबरीत घर इंडिपेन्डन्स गावापासून ४० मैलांवर आहे. प्रत्यक्षात ते सुमारे १३ मैलांवर होतं. हा फरक साधा वाटेल, पण ४० मैल म्हटलं की तुम्ही कॅन्सस ओलांडून ओक्लाहोमात जाता, आणि वाइल्डर आणि रोझ जागा शोधायला खरोखरच तिकडे गेल्या. जागा मिळाली नाही. पुढे शोधकांनी जनगणनेतल्या शेजाऱ्यांचा क्रम आणि जमिनीचे दस्त जुळवून ती नक्की केली. कॅन्सस सोडलं तेव्हा लॉरा चार वर्षांची होती. घरात ऐकलेल्या गोष्टी तिने स्वतःच्या आठवणी म्हणून सांगितल्या. यात फसवणूक काही नाही, आपल्या सगळ्यांच्या लहानपणच्या आठवणी अशाच असतात. फक्त त्यावरून नकाशा काढू नये.

मग खरा होमस्टेड कुठला? डकोटातल्या डी स्मेटचा. फेब्रुवारी १८८० मध्ये चार्ल्सने ब्रूकिंग्जच्या जमीन कचेरीत दावा नोंदवला आणि १८८६ मध्ये तो सिद्ध केला. अशा दाव्याची फाईल म्हणजे वंशावळ काढणाऱ्यांची दिवाळी. दावेदाराची जबानी, दोन साक्षीदार शेजाऱ्यांच्या जबान्या, घरात कोण कोण राहतं, घर केवढं, किती एकर नांगरले, मधल्या काळात जागा सोडून कुठे गेला होतात का. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाल्यामुळे त्या वीस वर्षांसाठी या फायलींची किंमत आणखी वाढते. पण इथेही सावध राहा. पाच वर्षं राहिल्याचं सिद्ध केलं तरच जमीन मिळणार होती. उत्तर देणाऱ्याला 'योग्य' उत्तर कोणतं ते ठाऊक होतं. 'द लाँग विंटर'मध्ये लॉराचा भावी नवरा ऑल्मान्झो एकवीस वर्षांचा नसताना वय वाढवून दावा नोंदवतो. त्याच्या थडग्यावर मात्र जन्मवर्ष १८५७ आहे. तो हिशोब धरला तर डी स्मेट गाव वसण्याआधीच तो एकवीस पूर्ण झालेला! एकतर दगड चुकतोय, नाहीतर गोष्ट. दोघांनाही आपापली कारणं असू शकतात.

आणि ज्या जमिनीसाठी वीस वर्षं गाडी हाकली, ती नावावर झाल्यावर एक-दोन वर्षांतच इंगल्स कुटुंब शेत सोडून गावात राहायला गेलं.

सोयीचे पूर्वज, संपलेला वंश

या कुटुंबावर हौशी वंशावळकारांचं फार प्रेम आहे. मागे जाता जाता ते सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सपर्यंत पोचतात. चार्ल्सची आजी डेलानो घराण्यातली, आणि अध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट त्याच घराण्याच्या दुसऱ्या फांदीवरचे. हे नातं सगळीकडे कौतुकाने सांगितलं जातं. गंमत म्हणजे वाइल्डर आणि रोझ या दोघींना रूझवेल्ट यांची धोरणं अजिबात पटत नव्हती. आणि जनुकशास्त्राच्या हिशोबाने दहा पिढ्या मागे गेलात की तुमचे १,०२४ पूर्वज होतात. त्यातला एक निवडून छातीला लावायचा आणि १,०२३ विसरायचे, याला पुरावा म्हणत नाहीत, निवड म्हणतात. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही मूळपुरुष ठळक असतो आणि लेकी बहुतेक वेळा लग्नाच्या ओळीत संपतात, हे तुम्ही पाहिलं असेलच.

मागे एवढं पसरलेलं झाड पुढे कुठवर जातं? मेरीने लग्न केलं नाही. कॅरीने १९१२ मध्ये विधुराशी लग्न केलं. सावत्र मुलं वाढवली, स्वतःचं मूल नाही. ग्रेसला मूल नाही. लॉराची एकुलती एक जगलेली मुलगी रोझ, तिचंही बाळ वाचलं नाही. १९६८ मध्ये रोझ गेली आणि चार्ल्स-कॅरोलाइनचा थेट वंश संपला. जगातल्या बहुधा सर्वात प्रसिद्ध पायोनियर कुटुंबाला आज एकही थेट वारस नाही.

माझ्या मते या साऱ्या पसाऱ्याची किल्ली इथे आहे. माणसांची वंशावळ थांबली, आणि पुस्तकाची सुरू झाली. सामान्य घरात एखाद्या आत्याने चुकीचं सांगितलं तर दुसरी आत्या जेवताना तिला अडवते, "अगं नाही, तेव्हा बाळ होतं ना." इथे अडवणारं कुणी उरलं नाही. एकाच मुलीच्या बाजूने सांगितलेली गोष्ट सगळ्या कुटुंबाची गोष्ट झाली, आणि मग सबंध प्रेअरीची.

'पायोनियर गर्ल' कुठे पुरतं, कुठे नाही

हिल यांच्या संपादनाची ताकद निर्विवाद आहे. प्रत्येक शेजाऱ्याचं, दुकानदाराचं नाव त्यांनी जनगणनेत, वर्तमानपत्रात, दस्तांत शोधलंय. पानापानावर मूळ मजकूर थोडा आणि टिपा जास्त, असं होतं. सलग वाचणाऱ्याची दमछाक होते. तुम्ही तसं वाचू नका. आधी नुसता मजकूर वाचा, शंका पेन्सिलने लिहा, मग टिपा बघा. किती शंका तुम्हाला आधी सुचल्या, हीच तुमची परीक्षा.

माझी तक्रार वेगळी आहे. कादंबरी आणि आत्मकथन यांत तफावत दिसली की टिपांचा कल बहुतेकदा वाइल्डर लेखिका म्हणून कशा घडत गेल्या, हे समजावण्याकडे आहे. हिल यांनी आधी वाइल्डर यांच्या लेखनप्रवासावरच पुस्तक लिहिलंय, त्यामुळे हे साहजिक आहे. पण 'लेखिकेने हे का बदललं' आणि 'या बदलाने कोण गायब झालं' हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा मिटल्यासारखा वाटतो. फ्रेडीला वगळणं मुलांच्या पुस्तकासाठी योग्य कलात्मक निर्णय असेलही. तरी वंशावळीत तो एक मुलगा आहे आणि त्याच्या आईने पाच बाळंतपणं काढली आहेत, चार नाही. ओसेजांच्या बाबतीत तर कलेचा खुलासा मला अगदीच अपुरा वाटतो.

तरीही तुम्हाला एकच पुस्तक सुचवायचं झालं तर मी हेच सुचवीन, कारण ते स्वतःच्या विरोधातला पुरावा स्वतःच्याच पानावर देतं. वाइल्डर यांनीही १९३७ च्या डेट्रॉइटच्या भाषणात मान्य केलं होतं की आपण सगळंच काही सांगितलेलं नाही. बरेच शोधनिबंध एवढं कबूल करत नाहीत.

आता तुमच्यासाठी काम. विषय कोणताही असो, तुमच्याकडे लोकांनी सांगितलेला किंवा कुणी भरलेला डेटा असेल तर एक संध्याकाळ काढा. प्रत्येक रकान्यासमोर मूळ प्रश्न शब्दशः लिहा. तो कुणी विचारला, उत्तर देणाऱ्याचा त्यात काय फायदा-तोटा होता, तेही लिहा. मग असा माणूस कल्पून बघा जो खरोखर होता, पण तुमच्या एकाही प्रश्नात अडकणार नाही. तो कल्पता आला तर तुमच्या जाळ्याचं भोक तुम्हाला सापडलं.

माझ्या तक्त्यात त्या आजींच्या मुलीनंतर आता एक छोटा चौकोन आहे, वरून तिरकी रेघ. त्याला ऐकू येत होतं की नाही, कुणालाच सांगता येत नाही, म्हणून आत प्रश्नचिन्ह. गणित त्यामुळे थोडं बिघडलं, चुकीची मर्यादा वाढली. गाईड म्हणाले, आता बरोबर झालं.